आवाज कला म्हणून ऐकायचा कसा?

बडोद्यातल्या मराठी घरांना गाण्याचं वेड जुनं. मौलाबक्षांची गायनशाळा इथे १८८६ पासूनची. तरी त्याच घरांत 'राग-ताल नसलेल्या नुसत्या आवाजात कला कसली?' असं हमखास विचारतात. याचं उत्तर वाचून पटत नाही. कानानेच पटवून घ्यावं लागतं.

सुरुवात तंबोऱ्यापासून करा. तार छेडत राहा आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचं सूत अगदी केसभर पुढेमागे सरकवा. सूर तोच असतो, पण एका जागी सूत आलं की बद्द आवाज एकदम उघडतो आणि त्यातून वरचे स्वर झरू लागतात. यालाच म्हणतात, जवारी लागली! या घटकेला समोर राग नाही, ताल नाही, शब्द नाहीत. फक्त आवाजाचा पोत आहे, आणि माझ्या मते आवाजाच्या कलेची सगळी किल्ली इथेच आहे. तंबोरा नसेल तर स्टीलच्या पातेल्यात थोडं पाणी घ्या, काठावर टिचकी मारा आणि लगेच पातेलं हलवा. नाद वळताना ऐकू येईल.

मग बडोदा स्टेशनवर जा. मोबाईलवर गाडीचा पाचेक सेकंदांचा तुकडा ध्वनिमुद्रित करा आणि घरी तोच पुन्हापुन्हा वाजवा. पहिल्या दोन-चार वेळा गाडीच दिसत राहते; हळूहळू ती विरते आणि उरते ती लय, खरखर, घुमारा. पॅरिसमध्ये पिअर शेफर या फ्रेंच संगीतकाराने १९४८ साली आगगाड्यांच्याच आवाजांतून रचना केली होती. घाई करू नका, कंटाळा येईपर्यंत ऐका. कान त्यानंतरच उघडतो.

पुढची पायरी शांततेची. सूरसागर तलावाच्या काठी पहाटे ४ मिनिटं ३३ सेकंद बसा. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या एका रचनेची लांबी एवढीच. १९५२ मध्ये ती सादर करायला पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसला, एकही स्वर वाजवला नाही, आणि सभागृहातले, बाहेरचे आवाज हेच संगीत झालं. हाच ट्यूडर १९६९ साली आपल्या शेजारच्या अहमदाबादेत, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करायला आला होता. बडोद्याहून गाडीने दोन तासांची वाट!

बसून झालं की वही काढा. 'रिक्षा', 'कावळा' असं लिहायचं नाही. घरघर, किणकिण, सळसळ, फुस्स असे आपल्या मराठीतले शब्द लिहा, आणि प्रत्येकापुढे तो आवाज कुठून सुरू झाला, कसा वाढला, कुठे विरला ते. शब्द सापडला नाही तर ती जागा कोरी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच आवाजासाठी परत जा.