कॉलेज फुटबॉलचं रिक्रूटिंग: मुलगा स्टार असला तरी या चुका टाळा

शुक्रवारी रात्री शाळेच्या स्टेडियमवर लाउडस्पीकरवरून आपलं आडनाव ऐकू आलं की आईवडिलांचा ऊर भरून येतो, आणि यावाच. चुका होतात त्या नंतर. कॉलेजांची चकचकीत पत्रं येऊ लागतात, कोच मुलाला एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) फॉलो करतात, आणि घरातले सगळे धरून चालतात की आता कॉलेजची सोय झाली. टेक्सासमधल्या फ्रिस्को-प्लेनोपासून न्यू जर्सीपर्यंत काही मराठी घरांतली मुलं आता अमेरिकन फुटबॉल खेळतात. पण या वाटेने आधी गेलेला काका-मामा आपल्यापैकी फारच थोड्यांकडे असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी गर्दी किती आहे ते पाहा. अमेरिकेतल्या शाळांमधून सुमारे १० लाख मुलं हा खेळ खेळतात. सर्वांत वरच्या, म्हणजे एफबीएस पातळीवर एकशे तीसहून जास्त कॉलेजं आहेत आणि एक कॉलेज वर्षाला शाळेतून साधारण वीस-पंचवीस मुलं घेतं. त्यातही ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आल्यापासून कोचला दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेला मुलगा मिळतो. सतरा वर्षांच्या पोरासाठी थांबायची त्याला गरज उरलेली नाही.

कौतुकालाच ऑफर समजणं

कॅम्पचं आमंत्रण म्हणजे स्कॉलरशिपची ऑफर नाही. ‘तुझा खेळ आवडला’ हा मेसेजही ऑफर नाही. उन्हाळी कॅम्पची पत्रं कॉलेजं शेकडो मुलांना पाठवतात. कॅम्पची फी घेतली जाते आणि कॉलेजला मुलं डोळ्यांखालून घालता येतात. जावं जरूर, पण ज्या कॉलेजच्या पोझिशन कोचने (मुलाच्या जागेवरच्या खेळाडूंना शिकवणाऱ्या कोचने) मुलाला नावानिशी लिहिलं आहे, त्याच्या खेळाच्या व्हिडिओबद्दल, म्हणजे फिल्मबद्दल काही नेमकं विचारलं आहे, तिथेच पैसे खर्च करावेत.

कोचने फोनवर ‘आम्ही तुला ऑफर देतो’ म्हटलं, तरीही एक प्रश्न उरतो आणि तो मुलाने स्वतः विचारायला हवा: “मी आज हो म्हटलं, तर जागा पक्की का?” बऱ्याच ऑफर अशा असतात की वरच्या यादीतल्या दोघा-तिघांनी नकार दिला तरच त्या खऱ्या होतात. चांगला कोच या प्रश्नाने रागावत नाही, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून तुम्हाला उत्तर मिळालेलंच असतं. लेखी ऑफर बारावीच्या वर्षात १ ऑगस्टपासून देता येते. त्याआधी जे काही असतं ते तोंडी.

तोंडी शब्दावर विसंबून बाकीची दारं बंद करणं

‘कमिट झालो’ असं मुलगा जाहीर करतो, केक कापला जातो, आजी-आजोबांना पुण्याला फोन जातो. पण हे बंधन कोणावरच नसतं, मुलावर नाही आणि कॉलेजवरही नाही. ट्रॅव्हिस हंटर हा २०२२ च्या तुकडीतला सर्वोत्तम मानला गेलेल्या खेळाडूंपैकी एक. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला त्याने २०२० पासून शब्द दिलेला होता, आणि १५ डिसेंबर २०२१ ला सही करायच्या दिवशी तो जॅक्सन स्टेटला गेला. वर्षभराने तिथले कोच डिऑन सँडर्स कोलोराडोला गेले, तेव्हा तोही त्यांच्यामागे गेला आणि २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकला. त्याच कोलोराडोत आधीपासून असलेल्या कित्येक खेळाडूंना मात्र नव्या कोचच्या आगमनानंतर संघ सोडावा लागला. कोच बदलला की त्याने दिलेले शब्दही त्याच्याबरोबर जातात. कोचची उचलबांगडी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात होते, आणि सही करायचा पहिला मुहूर्तही डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात असतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या कोचशी शेवटपर्यंत सभ्यपणे बोलत राहायला मुलाला सांगा. त्यात लबाडी काही नाही.

मुलाला कॉलेजशी बांधणारं जुनं पत्र, ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं. आता सही होते ती थेट आर्थिक मदतीच्या करारावर. तो घरी नीट वाचा. मदत एका वर्षाची आहे की चार? दुखापत झाली तर काय? उन्हाळ्यातल्या वर्गांची फी कोण भरणार? शिवाय जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत फुटबॉलच्या स्कॉलरशिपची ८५ ची मर्यादा गेली आणि संघच १०५ जणांवर बांधला गेला. याचा फटका ‘वॉक-ऑन’ मुलांना, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात येणाऱ्यांना बसला. अशा जागेचं आश्वासन मिळालं असेल तर १०५ मध्ये नाव आहे का, एवढंच विचारा.

मार्कांचा हिशेब अकरावीत सुरू करणं

आपल्या घरांत ही चूक होणार नाही असं वाटतं, कारण अभ्यासाकडे आपलं लक्ष असतंच. पण इथे नुसते चांगले मार्क पुरत नाहीत, ते योग्य विषयांत असावे लागतात. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिच्या डिव्हिजन एकसाठी (सर्वांत वरच्या गटासाठी) १६ ‘कोअर’, म्हणजे मुख्य विषयांचे, कोर्स लागतात: इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, समाजशास्त्रं दोन आणि उरलेले ठरावीक विषयांतून. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हायला हवेत, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातले. या दहांचे मार्क तिथेच गोठतात. नंतर पुन्हा परीक्षा देऊन ते वाढवता येत नाहीत. कोअर जीपीए (या कोर्सच्या ग्रेडची सरासरी) किमान २.३ लागतो, डिव्हिजन दोनला २.२. सॅट-एसीटीची सक्ती एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेजची स्वतःची अट असू शकते.

आता आपल्या मुलांना नेमकं अडवणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, उन्हाळ्यात ऑनलाइन उरकलेला कोर्स. शाळेने क्रेडिट दिलं म्हणून एनसीएए मान्य करेलच असं नाही. तुमच्या शाळेच्या मान्य कोर्सची यादी एनसीएएच्या, मुलांची पात्रता तपासणाऱ्या एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर असते, ती कोर्स निवडण्याआधी काउन्सेलरबरोबर बसून बघा. दुसरी, भारतातून उशिरा आलेली मुलं. मुलाने नववी पुण्यात किंवा ठाण्यात केली असेल तर तिथले मार्कही मोजले जातात आणि मूळ कागदपत्रं द्यावी लागतात. कोअर कोर्स पूर्ण करण्याचं चार वर्षांचं घड्याळ नववीपासूनच सुरू झालेलं असतं. मूळ गुणपत्रिका मराठीत असेल तर भाषांतरही लागतं. हे सगळं भारतातल्या शाळेकडून मिळवायला महिने जातात, तेव्हा दहावीतच मागवून ठेवा.

व्हिसाचा विचार न करता पैसे घेणं

यावर अमेरिकन पालकांसाठीच्या लेखांत फारसं काही मिळत नाही, आणि आपल्याला सर्वांत जास्त धोका इथेच आहे. २०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात. २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजं स्वतः खेळाडूंना वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पण मुलगा एच-4 वर (एच-1बी वगैरेंवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल, किंवा कॉलेजसाठी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल, तर अमेरिकेत काम करून पैसे घेण्यावर कडक बंधनं आहेत. गावातल्या कारच्या दुकानासाठी केलेली एक सशुल्क पोस्टही व्हिसाच्या अंगाशी येऊ शकते. इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. संघातल्या मित्राच्या वडिलांचा सल्ला इथे चालत नाही, कारण त्यांच्या मुलाला हा प्रश्नच नसतो.

खेळाची स्कॉलरशिप घ्यायला व्हिसाची आडकाठी नसते. पण एच-4 वरच्या मुलाला सरकारी विद्यार्थी मदत मिळत नाही आणि २१ व्या वर्षी एच-4 संपतो. म्हणून ‘अर्धी स्कॉलरशिप, उरलेलं सरकारी मदतीतून’ हे कोचचं गणित तुमच्या घरी जुळणार नाही. ही गोष्ट कोचला पहिल्या-दुसऱ्या बोलण्यातच सांगून टाका.

मोठा आकडा बघून सही करणं

कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक जेडन राशादा २०२२ च्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठाकडे वळला तो १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरच्या कराराच्या भरवशावर. करार फिसकटला, जानेवारी २०२३ मध्ये त्याने सुटका मागितली आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच कॉलेजच्या जर्वन डेक्स्टरने २०२२ मध्ये एका कंपनीकडून ४,३६,४८५ डॉलर घेतले, आणि बदल्यात एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या करपूर्व कमाईचे १५ टक्के २५ वर्षं द्यायचं लिहून दिलं. त्यालाही नंतर कोर्टाची पायरी चढावी लागली. टक्केवारी, मुदत आणि पैसे नक्की कोण देणार, या तीन ओळी स्वतःच्या वकिलाकडून तपासल्याशिवाय पेन उचलू देऊ नका. आणि शाळेत असताना पैसे घेण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. टेक्सासमध्ये शाळेकडून खेळत असताना ते घेता येत नाहीत.

फक्त टीव्हीवर दिसणाऱ्या संघांच्या मागे धावणं

हे मला मनापासून सांगायचं आहे. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो यांचे फुटबॉल संघ आहेत आणि ते डिव्हिजन तीनमध्ये खेळतात. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही लीगमध्येही नसते. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी कुटुंबाची ऐपत बघून स्वतःच्या निधीतून मदत करतात, आणि ती परदेशी नागरिकांनाही मिळते. एच-4 वरच्या हुशार लाइनबॅकरसाठी ही वाट एखाद्या बड्या संघातल्या अनिश्चित जागेपेक्षा कितीतरी बरी ठरू शकते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याआधी या कोचनाही मेल पाठवा.

फिल्म आणि फोन

हडल या खेळांच्या व्हिडिओंच्या साइटवरची फिल्म तीन-चार मिनिटांची ठेवा, सर्वांत चांगले खेळ अगदी सुरुवातीला घ्या आणि मुलगा कोणता ते बाणाने दाखवा. उंची, वजन, चाळीस यार्ड धावायला लागणारी वेळ खरी लिहा. कॅम्पमध्ये सगळं मोजलं जातंच. कोचशी बोलायचं ते मुलाने. वडिलांनी केलेला फोन कोचला आवडत नाही, मग तुम्ही कितीही मोठ्या पदावर असा.

मेसेज थांबले किंवा ऑफर आलीच नाही तर

मेसेज थांबले तर बहुधा त्या जागेवर दुसरा कोणी आला आहे. मुलाने नव्या सामन्याची फिल्म जोडून एकदा सरळ विचारावं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर ते नाव यादीतून काढावं.

ऑफरच नसेल तर ज्युनिअर कॉलेजात (अमेरिकेत हे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) जाण्यात कमीपणा समजू नका. जॉश अॅलन हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा वरच्या पातळीवरची एकही ऑफर त्याच्याकडे नव्हती. तो रीडली या ज्युनिअर कॉलेजात खेळला, तिथून देशभरच्या कोचना हजारावर ईमेल पाठवले आणि वायोमिंगने त्याला घेतलं. एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला आणि २०२४ च्या मोसमात एनएफएलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. फेब्रुवारीतला सह्यांचा बुधवार उलटून गेल्यावरही डिव्हिजन दोन, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) आणि ज्युनिअर कॉलेजांचे कोच रिकाम्या जागा भरत असतात. फिल्म नवी करा, मार्कांची प्रत जोडा आणि मुलाला आज रात्रीच मेल लिहायला बसवा.