अ‍ॅसिडिटी, घसा आणि कॅन्सर: या चुका टाळा

बसलेला आवाज ‘अ‍ॅसिडिटीच असणार’ म्हणत महिनोन्‌महिने अंगावर काढणं, ही स्पीच थेरपिस्ट म्हणून मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक. आम्ल घशाशी येऊन आवाज बसतो, हे खरंच आहे. सारखं खाकरावं लागतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि यातल्या बऱ्याच जणांना छातीत जळजळ होतही नाही. पण स्वरयंत्राच्या कॅन्सरची सुरुवातही अशाच घोगऱ्या आवाजाने होते. नुसतं ऐकून दोन्हींतला फरक मलाही सांगता येत नाही. मोबाइलवर लक्षणं जुळवून तर कुणालाच नाही.

एक शिक्षक आले होते. सिगारेट जुनी, आवाज कित्येक महिने बसलेला, रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल. हातात पोटाच्या एंडोस्कोपीचा नॉर्मल रिपोर्ट, त्यामुळे निर्धास्त. पण ती दुर्बीण घशातून झटकन खाली उतरते; तिचा रोख अन्ननलिका आणि जठराकडे. मी आवाजाचे व्यायाम द्यायला नकार दिला आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. तेव्हा ते नाराज झाले होते. नाकातून बारीक दुर्बीण घातल्यावर एका स्वरतंतूवर पांढरट, खडबडीत चट्टा दिसला. बायोप्सीत कॅन्सर निघाला. पहिल्याच टप्प्यात सापडला म्हणून रेडिएशनवर निभावलं, आवाजही राहिला.

आवाज तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर स्वरतंतू तपासून घेतल्याशिवाय मी थेरपी सुरूच करत नाही. ‘तोवर दोन व्यायाम तरी सांगा’ म्हणणाऱ्यांनाही नाही.

दुसरी चूक याच्या उलट: आंबट ढेकर आली की घशाच्या कॅन्सरची धास्ती. त्या कॅन्सरची मोठी कारणं तंबाखू, दारू आणि एचपीव्ही विषाणू; आम्लाशी त्याचा संबंध अजून पक्का नाही. पक्का संबंध आहे तो अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या कॅन्सरशी. वर्षानुवर्षं आम्ल लागून तिथलं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. असं अस्तर असलेल्या शंभरांत वर्षाला एकालाही कॅन्सर होत नाही, पण ठरल्या वेळी एंडोस्कोपी चुकवू नये. बदललेल्या अस्तराला आम्ल कमी झोंबतं, म्हणून जुनी जळजळ आपोआप थांबली तर ती बरी झाली असं धरून चालू नका.

ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जेवणानंतर घेऊन ‘दोन दिवसांत फरक नाही’ म्हणू नका. ती जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची, आणि पूर्ण गुण यायला काही दिवस जातात.

झोपेत आम्ल वर येऊ नये म्हणून उशांची चळत लावू नका, पोट दुमडतं. पलंगाची डोक्याकडची बाजू 15-20 सेंटिमीटर उचला.

घास अडकणं, एकाच बाजूचा कान दुखत राहणं, मानेत गाठ, उतरतं वजन, काळी शौच, यांतलं एक जरी असलं तर आठवडे मोजत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा, आणि कोणती गोळी किती दिवस घेताय तेही सांगा.