बर्फ पडायच्या आत एमटीबी (माउंटन बाईक) नीट कशी ठेवून द्यायची (टोरांटोच्या हिशोबाने लिहिलंय, थंडीतल्या बाकीच्यांनाही चालेल)

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग इकडे टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन पट्ट्यात संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधार पडतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर डॉन व्हॅलीच्या ट्रेलवर एक चक्कर मारू वगैरे बेत तिथेच बारगळतात. वीकेंडला गेलात तरी ट्रेलवर ओल्या पानांचा थर, पानांखाली मुळं आणि दुपारी ऊन आलं की वरचा इंचभर चिखल, त्यात चाकं घातली की चर पडतात ते पुढच्या वर्षीपर्यंत तसेच राहतात, म्हणून या दिवसांत तसंही जाऊ नये. फॅटबाईक आणि खिळेवाले टायर घेऊन जानेवारीतही फिरणारी मंडळी आहेत, त्यांना दंडवत. हे बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांची सायकल आता थेट एप्रिलमध्ये बाहेर निघणार आहे, आणि ज्यांचं डिसेंबरचं पुण्या-नाशिकचं तिकीट काढून झालंय.

पहिली गोष्ट म्हणजे थंडीला उगाच घाबरू नका. उणे वीसला फ्रेम तडकत नाही, गिअर खराब होत नाहीत. सायकलची वाट लावते ती ओल आणि मीठ. चेनमध्ये अडकलेला चिखल, फ्रेमच्या आत साचलेलं पाणी, रस्त्यावरून उडून बसलेलं मीठ, हे सगळं पाच महिने निवांत आपलं काम करत बसतं आणि एप्रिलमध्ये सायकल काढली की चेन तांबडी, पायडल जाम, सीटपोस्ट (सीटची दांडी) हलत नाही. बॅटरी आणि सीलंट (टायरच्या आतलं, भोक बुजवणारं द्रव) सोडले तर पुढचं जवळजवळ सगळं धुणं आणि वाळवणं एवढ्यासाठीच आहे.

धुवायची तारीख तुमच्या हातात नसते, ती बाहेरच्या नळाच्या हातात असते. इकडे घरांना मागे जो बागेचा नळ असतो तो पाणी गोठायच्या आत आतल्या व्हॉल्व्हने बंद करून रिकामा करावा लागतो, नाहीतर पाईप फुटतो, आणि एकदा तो बंद केला की सायकल धुणार कुठे, बाथटबमध्ये? (घरी कोण ओरडेल ते तुम्हाला माहितीये.) म्हणून नळ बंद करायचा त्याच शनिवारी आधी सायकल धुवा, जरा ऊन बघून, दुपारच्या आत. कॉन्डोवाल्यांनी बादली आणि कपडे ओले करायचा स्प्रे घेऊन भागवायचं, जमतं.

धुताना प्रेशर वॉशर अजिबात नको. त्या जोराने पाणी सील ओलांडून हबमध्ये (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेटमध्ये (पायडलच्या दांड्या जिथे फिरतात तो भाग), मागच्या सस्पेन्शनच्या बेअरिंगमध्ये घुसतं आणि आतलं ग्रीस धुऊन जातं, मग वरून सायकल चकाचक आणि आतून छर्रे गंजलेले. साधी रबरी नळी, बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, एक मोठा ब्रश फ्रेमला आणि एक जुना टूथब्रश कोपऱ्यांना, एवढं बास. कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) आणि चेनला डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं द्रव) लागेल, पण तो ब्रश वेगळा ठेवा, तोच ब्रश चुकूनही ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे रोटरला, लागू देऊ नका, तेलाचा एक हात जरी रोटरला लागला तरी पॅड ते शोषून घेतात आणि मग ब्रेक किंचाळतात आणि लागतही नाहीत. रोटर पुसायला फार्मसीत मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं वापरा.

आता वाळवणं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. सायकल दोनचार वेळा जमिनीवर आपटा (हळू), फडक्याने पुसा, आणि मग सीटपोस्ट बाहेर काढून फ्रेम उलटी करा. कितीतरी वेळा त्या नळीतून गढूळ, रेतीवालं पाणी निघतं, कारण मागचं चाक चिखल सरळ सीटच्या फटीवर फेकत असतं आणि तो आत झिरपत जातो, शिवाय फ्रेमला खाली पाणी जायचं भोक असलं तरी ते चिखलाने बुजलेलं असतं. ते भोक काडीने मोकळं करा. ड्रॉपर पोस्ट (हँडलवरच्या बटणाने वरखाली होणारी सीटची दांडी) असेल तर आत केबल आहे, हँडलकडून केबल थोडी आत ढकलत ढकलत पोस्ट वर घ्या, ओढाताण करू नका. एक रात्र फ्रेम तशीच उघडी ठेवा, घरात पंखा असेल तर लावा. परत बसवताना ॲल्युमिनियम किंवा स्टीलच्या फ्रेममध्ये धातूचा पोस्ट असेल तर पातळसा ग्रीसचा हात, आणि दोन्हीपैकी काहीही कार्बन असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. हे टाळलं तर फ्रेम आणि पोस्ट एकमेकांना असे चिकटतात की पुढे पोस्ट कापून काढायची वेळ येते. तसंच पायडल एकदा काढून आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरून लोक पान्याला लटकतात.

चेन धुतली, वाळवली, आता ती मोजा. चेन चेकर नावाची पट्टी स्वस्तात मिळते, ११ किंवा १२ स्पीडला ०.५ चं टोक आत गेलं की चेन बदलायची, १० आणि त्याच्या आतल्यांना ०.७५ पर्यंत चालतं. संपलेली चेन तेल लावून जपून ठेवण्यात काही अर्थ नाही, ती कॅसेटचे दात खाते आणि कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग. चेन चांगली असेल तर प्रत्येक कडीवर ओल्या हवामानाचं, म्हणजे जरा जाडसर तेल, पायडल उलटं फिरवून आत मुरू द्यायचं आणि वरचं पुसून टाकायचं. चेनला तेलाऐवजी मेण लावणारे लोक, तुमच्यासाठी खास: मेण चालवायला मस्त आहे पण गंजापासून फारसं वाचवत नाही, त्यामुळे सायकल गॅरेजमध्ये राहणार असेल तर यावेळी तेल लावा आणि वसंतात परत मेणाकडे वळा. शेवटी मागचा गिअर सगळ्यात लहान चक्रावर आणून ठेवा म्हणजे केबल सैल राहते, आणि शिमानोच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) क्लच, म्हणजे चेन उसळू न देणारी यंत्रणा, बंद करायची छोटी दांडी असते ती बंद करा.

फोर्कचं (पुढच्या सस्पेन्शनचं) तेल हा विषय लोक ऐकून सोडून देतात. फोर्क बनवणारं रॉकशॉक्स स्वतः सांगतं की खालच्या पायांची सर्व्हिस (खालच्या नळ्या उघडून साफ करणं आणि तेल बदलणं) ५० तासांनी करा, फॉक्सचं म्हणणं १२५ तास किंवा वर्षातून एकदा, आता तुम्ही उन्हाळाभर दर वीकेंडला केल्सो नाहीतर अल्बियन हिल्सच्या ट्रेलला जात असाल तर हा हिशोब कधीच पूर्ण झालाय. घरी जमत असेल तर घरी करा, नाहीतर दुकानात द्या, पण ती आत्ता करून मग सायकल ठेवा. काळं पडलेलं, पाणी मिसळलेलं तेल आत ठेवून फोर्क पाच महिने उभा करणं म्हणजे सील आणि नळ्यांवर सूड उगवणं. नळ्या स्वच्छ फडक्याने पुसा, सीलच्या कडेची धूळ बोटाने काढा. फोर्कमधली हवा काढून टाकायची गरज नाही, आहे ते प्रेशर राहू द्या.

ब्रेकमध्ये काही करायचं असेल तर आधी बाटली नीट वाचा. शिमानो आणि मागुरामध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (पण त्यांचे काही नवीन ब्रेक मिनरल ऑइलवर आहेत), आणि एकाचं दुसऱ्यात घातलं की आतली सगळी रबरं फुगून ब्रेक बाद. डॉट हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दरवर्षी बदललेलं बरं. चाक काढून सायकल ठेवणार असाल तर पॅडच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला, कारण घरातलं एखादं पोरगं येता-जाता लिव्हर दाबणार हे नक्की, आणि मग पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

टायर. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) असेल तर आतलं सीलंट साधारण दोन ते सहा महिन्यांत वाळतं, म्हणजे हिवाळ्यात ते वाळणारच आहे, त्यामुळे आत्ता नवीन ओतून पैसे घालवू नका, ते काम वसंतातलं (२९ इंची टायरला ९० ते १२० एमएल पुरतं). आत्ता काम एकच, हवा टिकवणं. टायर पूर्ण बसला तर तो रिमवरून सुटतो, घडी पडते आणि वाळतं सीलंट ती घडी तशीच चिकटवून टाकतं. ३० पीएसआयपर्यंत भरा (टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत) आणि महिन्यातून एकदा बघा. गार गॅरेजमध्ये हवा कमी दिसली तर लगेच पंक्चर समजू नका, २० डिग्रीला ३० पीएसआय भरलेलं टायर उणे १५ ला काहीही न गळता साधारण २५ दाखवतं. सायकल टांगली तर टायरचा प्रश्नच मिटतो.

ईबाईकवाल्यांनो, बॅटरी काढून घरात आणा, यावर चर्चा नाही. ईबाईकच्या मोटर-बॅटऱ्या बनवणारं बॉश सांगतं की ३० ते ६० टक्के चार्ज ठेवून १० ते २० डिग्रीत ठेवा. फुल्ल चार्ज करून ठेवणं वाईट आणि शून्यावर ठेवणं त्याहून वाईट. आणि गारठलेली बॅटरी आणून लगेच चार्जरला लावायची नाही, शून्याखाली चार्ज केलं की सेलच्या आत लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जिन्यात किंवा दाराच्या वाटेत बॅटरी ठेवू नका, स्मोक अलार्म जवळ असेल अशी जागा बघा. वायरलेस गिअर असतील तर त्यांच्या छोट्या बॅटऱ्या काढून उघड्या पडलेल्या टोकांवर टोप्या लावा.

आता ठेवायची कुठे. सगळ्यात उत्तम बेसमेंट, हिटिंगमुळे तिथली हवा हिवाळ्यात कोरडी असते, फक्त फर्नेसच्या (घर गरम करायच्या भट्टीच्या) मोटरला अगदी खेटून नको, मोटरच्या आसपास ओझोन तयार होऊ शकतो आणि ओझोनने रबराला चिरा पडतात. बिल्डिंगचं सायकल लॉकर असेल तर चोरीचा विचार करा, बॉटम ब्रॅकेटच्या खाली जो सिरीयल नंबर कोरलेला असतो त्याचा फोटो आजच काढून ठेवा.

गॅरेज चालेल, पण गॅरेजमध्ये थंडीपेक्षा तुमची गाडी जास्त धोकादायक. रोज संध्याकाळी गाडी चाकांच्या वर बसलेला मीठ-बर्फाचा गोळा घेऊन आत येते, रात्रभर तो वितळून जमिनीवर खारं पाणी पसरतं, आणि सायकल तिथेच भिंतीला टेकून उभी असेल तर खालून टायर, चेन, डिरेलर सगळं त्या दमट खाऱ्या हवेत. म्हणून वर टांगा, गाडीपासून जितकी लांब जाईल तितकी. हूक रबर लावलेला घ्या, चाकाच्या रिमला अडकवा, स्पोकला नको. टांगायच्या आधी ड्रॉपर पूर्ण वर करून ठेवा, सीट खाली असताना सीटला धरून उचललं की काही हायड्रॉलिक ड्रॉपरमध्ये हवा शिरते. वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. जुनी सुती साडी किंवा चादर टाका, धूळ अडते आणि हवाही खेळते. आणि एकदा गॅरेजमध्ये ठेवली की सारखी घरात-बाहेर करू नका, बाहेरून आलात की चष्म्यावर वाफ धरते ना, तसंच अख्ख्या सायकलवर पाणी धरतं, आतल्या बाजूनेसुद्धा.

सीटखालची बॅग रिकामी करा. अर्धवट राहिलेला एनर्जी बार किंवा चिक्की आत राहिली की गॅरेजमधले उंदीर बॅगेसकट खातात. पाठीवरच्या बॅगेतली पाण्याची पिशवी धुऊन, निथळून फ्रीझरमध्ये टाका, बुरशी धरत नाही.

पुण्या-मुंबईकडून वाचणाऱ्यांसाठी, जे पावसाळाभर सायकल बंद ठेवतात: तुमच्याकडे उणे तापमान नाही पण ओल इथल्या दसपट, त्यामुळे वाळवणं आणि चेनचं तेल डबल मनावर घ्या, आणि बाल्कनीत प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायची सवय तेवढी सोडा.

दुकानाचं काम असेल, म्हणजे बेअरिंग कुरकुरतंय, चाक आऊट आहे, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) हलतोय, तर ते डिसेंबर-जानेवारीत द्या. तेव्हा मेकॅनिक मोकळे असतात, बऱ्याच ठिकाणी डिस्काउंटही मिळतो, आणि एप्रिलचा पहिला उबदार शनिवार आला की अख्खं शहर सायकल घेऊन दारात उभं राहतं, मग बसा वाट बघत. काय काय बिघडलंय ते आत्ताच एका मास्किंग टेपवर लिहून फ्रेमला चिकटवा, पाच महिन्यांनी तो आवाज पुढून येत होता की मागून हे कुणाला आठवतंय.

वसंतात खाली काढलीत की आधी थोडा वेळ उलटी ठेवा म्हणजे फोर्कमधलं तेल वर सीलजवळच्या फोमच्या रिंगांपर्यंत पोचेल, मग सरळ उभी करून दोन्ही लिव्हर दहा-वीस वेळा दाबा. टांगल्यामुळे ब्रेक सुरुवातीला मऊ लागतात, दाबून कडक झाले तर ठीक, नाहीच झाले तर ब्लीड करायला (ब्रेकमधली हवा काढायला) लागणार. शॉक पंपाने सस्पेन्शनची हवा बघा, सीलंट ओता, क्लच चालू करा, आणि ट्रेल कोरडे झालेत का ते बघून मगच निघा, मार्चमध्ये इकडे वरून सुकलेलं दिसतं पण खाली सगळा लगदाच असतो.