हायब्रिड गाडीची बॅटरी सारखी उतरते? या चुका टाळा

गेल्या गणपतीत आम्ही रेल्वेने गावी गेलो आणि गाडी पाच दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. परत आल्यावर रिमोट दाबला, गाडी ढिम्म. रिमोटच्या पोटातली छोटी धातूची किल्ली काढून दार उघडलं. ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं, तर डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर मिणमिणले, आतून टकटकटक असा रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) आवाज आला आणि सगळं विझलं. चार महिन्यांतली ही तिसरी वेळ होती, आणि मधल्या काळात एक नवी बॅटरीही घालून झाली होती. शेजारचे काका म्हणाले, "अरे, एवढी मोठी बॅटरी आहे ना हिच्यात, मग बंद कशी पडते?"

हा प्रश्न हायब्रिडवाल्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो, आणि पहिली चूक त्यातूनच होते. लोक घाबरतात, मोठी बॅटरी गेली म्हणून लाखाच्या खर्चाची धास्ती घेतात. बहुतेक वेळा मोठी बॅटरी ठणठणीत असते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे काही अंतर नुसत्या विजेवरही धावणाऱ्या गाडीत, दोन बॅटऱ्या असतात. मोठी, उच्च दाबाची, ती गाडी ओढते आणि इंजिनही तीच फिरवते. दुसरी आपली नेहमीची १२ व्होल्टची. तिचं काम हलकं दिसतं, पण तिच्यावाचून पान हलत नाही: गाडीतले संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीला बाकीच्या गाडीशी जोडणारे रिले मिटवायचे. गाडी बंद असताना हे रिले सुटलेले असतात, म्हणजे मोठी बॅटरी कुलुपात असते आणि कुलपाची किल्ली या छोट्या बॅटरीकडे. ती उतरली की मोठीत कितीही वीज असो, उपयोग नाही.

बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, नसतो. मोठ्या बॅटरीची वीज डीसी-डीसी कन्व्हर्टर खाली उतरवून छोटीला देतो, आणि तेही गाडी 'रेडी' असतानाच, म्हणजे ब्रेक दाबून चालू केल्यावर डॅशबोर्डवर रेडीचा दिवा लागलेला असतानाच. (माइल्ड हायब्रिडची, जिथे मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, रचना वेगळी असते, त्यामुळे इथलं सगळं तिला जसंच्या तसं लावू नका.)

न मोजता बॅटरी बदलणं

माझी खरी चूक ही. पहिल्यांदा उतरली तेव्हा जंप देऊन (बाहेरच्या बॅटरीची वीज जोडून) वीस मिनिटं फिरवून आणली आणि काम झालं असं समजलो. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा दुकानात जाऊन नवी घातली. वीज कुठे जाते हे कोणी पाहिलंच नाही, ना मी, ना दुकानदाराने.

बाजारात पाच-सातशे रुपयांना साधा मल्टिमीटर मिळतो. तो आधी घ्या. गाडी बंद करून काही तास झाल्यावर छोट्या बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली की काळजीचं. मग गाडी रेडी करा आणि पुन्हा मोजा: आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान यायला हवा. रेडीतही तो १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल तर बॅटरीला चार्जच मिळत नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं, घरी खोलत बसू नका. रेडीत आकडा बरोबर आणि रात्री १२.६ असलेली बॅटरी सकाळी १२.१, तर दोनच शक्यता: एकतर बॅटरी म्हातारी झाली आहे, नाहीतर कोणीतरी रात्रभर तिचं रक्त पितंय.

माझ्या गाडीत दुसरी शक्यता खरी निघाली. बंद गाडीही थोडी वीज घेतेच, कारण सेंट्रल लॉक आणि अलार्म जागे असतात. हा खर्च साधारण ५० मिलिअँपच्या आत असावा. हिशेब करा: ५० मिलिअँप म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या वेगाने अर्ध्यावर यायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. माझी पाच दिवसांत आडवी होत होती.

गळती शोधताना घाई करू नका. नेहमीचा स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या एसी विजेचा प्रवाह मोजतो, इथे तो शून्यच दाखवील आणि तुमची दिशाभूल होईल. मला ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकवलं, त्याची पद्धत सोपी होती. फ्यूज बॉक्सचं झाकण आधीच उघडून ठेवायचं. दार उघडंच ठेवून त्याच्या लॉकचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवायचा, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. रिमोट लांब घरात ठेवायचा आणि अर्धा-पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही. एवढा वेळ लागतोच, कारण संगणक एकेक करून झोपतात. त्यानंतर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या टिकल्यांना टोकं टेकवायची. फ्यूज उपटायचा नाही, उपटून परत बसवला की झोपलेलं युनिट पुन्हा जागं होतं. शून्य दिसलं तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. एका १० अँपच्या फ्यूजवर आकडा दोन मिलिव्होल्टवर स्थिर राहिला. त्या फ्यूजच्या रोधाच्या हिशेबाने म्हणजे अंदाजे २८० मिलिअँप, दिवसाला पावणेसात अँपिअर-तास, पाच दिवसांत तेहतीस. गणपतीतल्या त्या संध्याकाळचा हिशेब लागला.

त्या फ्यूजच्या मागे हात घातला तर काळी टेप गुंडाळलेली लाल वायर हाताला लागली. ती डॅशकॅमची होती. बसवणाऱ्याने ती कायम जिवंत असलेल्या फ्यूजवर जोडली होती, पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग) चालू ठेवला होता आणि कट-ऑफ ११.६ व्होल्टवर. म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी झाल्यावर कॅमेरा बंद होणार! पार्किंग मोड खरंच हवा असेल तर कट-ऑफ १२.२ किंवा त्याहून वर ठेवा. मी तो बंद केला आणि वायर किल्लीवर चालणाऱ्या फ्यूजवर घेतली. डॅशकॅमखेरीज जीपीएस ट्रॅकर, ओबीडी पोर्टमध्ये (गाडीतले दोष तपासायच्या सॉकेटमध्ये) खुपसून ठेवलेलं यंत्र, नंतर बसवलेला अॅम्प्लिफायर आणि न विझणारा डिकीचा दिवा हे नेहमीचे संशयित. बंगल्यात गाडी दाराशी उभी राहत असेल तर रिमोटही भिंतीवर गाडीजवळच टांगू नका, दोन मीटर तरी लांब असू द्या. जवळ असला की गाडी आणि रिमोट एकमेकांशी बोलत राहतात.

रेडी न करता गाडीत बसणं

मुलं शाळेतून सुटेपर्यंत गाणी ऐकत बसायचं आणि ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबायचं. डॅशबोर्ड उजळतो, गाणी लागतात, पण रेडीचा दिवा नसतो. सगळा भार छोट्या बॅटरीवर. हायब्रिडमध्ये रेडीतही अनेकदा इंजिनचा आवाज नसतो, त्यामुळे फरक कानाला कळत नाही. दिवा डोळ्यांनी बघा. रेडीत थांबताना गिअर पी वर ठेवा. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये एन वर मोठी बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी मात्र तिला खात राहतो.

आठवड्यातून पाच मिनिटं 'चालू करून ठेवणं'

याने फारसं काही साधत नाही. छोटी लेड (शिशाची) बॅटरी चार्ज सावकाश घेते. आठवड्यातून एकदा तासभर तरी रेडीत ठेवा, फिरवून आणलीत तर उत्तम. बंद गॅरेजमध्ये मात्र कधीही नको: इंजिन मधेच आपोआप सुरू होतं आणि त्याचा धूर जीवघेणा असतो.

बॅटरी पार उतरली असेल तर वीस मिनिटांच्या फेरीवर विसंबू नका. एजीएमला (पाणी न घालावी लागणाऱ्या सीलबंद लेड बॅटरीला) चालणारा चार्जर रात्रभर लावा. लेड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, तिची ताकद कायमची कमी होते आणि पुढची वेळ आणखी लवकर येते. माझी नवी बॅटरी तशीच अर्धी मेली.

बसेल ती बॅटरी बसवणं

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर तिथे मूळची बहुधा एजीएम असते आणि तिला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते. तिच्या जागी पाण्याची साधी बॅटरी बसवली तर हायड्रोजन केबिनमध्ये येऊ शकतो. प्रकार तोच ठेवा आणि नळी परत जोडली का ते स्वतः बघा.

जंप देताना

हायब्रिडला जंपसाठी फार ताकद लागत नाही, कारण छोट्या बॅटरीला इंजिन फिरवायचं नसतं. खिशात मावणारा जंप स्टार्टरही पुरतो. पण प्लस-मायनस उलटं झालं तर मेन फ्यूजपासून कन्व्हर्टरपर्यंत काहीही जळू शकतं. प्लसची जागा मॅन्युअलमध्ये शोधा, अनेक गाड्यांत ती बॉनेटखाली लाल झाकणाआड असते. मायनस गाडीच्या उघड्या धातूला लावा. भगव्या रंगाच्या जाड केबलला हात लावू नका. आणि शेजाऱ्याच्या डिझेल गाडीला आपल्या हायब्रिडने जंप देऊ नका, आपल्या कन्व्हर्टरवर तो भार झेपणारा नाही.

महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल, म्हणजे आईबाबा मुलीकडे अमेरिकेला निघालेत वगैरे, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसचं टर्मिनल सोडवून ठेवा. त्यासाठी बहुधा १० नंबरचा पाना लागतो. मात्र बॅटरी डिकीत आणि डिकी विजेवर उघडणारी असेल, तर टर्मिनल सोडवून डिकी बंद केल्यावर ती परत उघडायची नाही. आतून उघडायचा खटका कुठे आहे ते आधी शोधून एकदा उघडून बघा. पाना डिकीत ठेवू नका, घरात ठेवा, धातूच्या किल्लीशेजारी.