पिल्लू आणायला जाताय? आधी दात बघा

वाटी, पट्टा, खेळणं, टोपलीत अंथरायला जुनी सोलापुरी चादर, हे सगळं तुम्ही आधीच गोळा केलं असणार, त्यावर शब्द घालवत नाही. स्वेटर आणू नका. सोलापुरात कुत्र्याला स्वेटर कशाला लागतो, हे मला कुणीतरी सांगावं.

माझी यादी दातांपासून सुरू होते, कारण मागच्या वेळी तेवढंच राहिलं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात आजोबा मला बरोबर न्यायचे. खोंडाचा भाव विचारायच्या आधी ते त्याचा ओठ वर करायचे. आदत (अजून दुधाच्याच दातांचा) आहे, दोन दाती आहे, की जुळलेला (सगळे पक्के दात आलेला), हे स्वतः बघायचे. मालक काय सांगतो ते नंतर. आणि त्याच आजोबांची नात मी! हायवेवरच्या एका ढाब्यापाशी गाडीच्या डिकीतून काढलेलं शित्झू जातीचं पिल्लू 'साठ दिवसांचं आहे मॅडम' एवढ्या एका वाक्यावर घेऊन आले. धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारू नये म्हणतात. मी तर रोख पैसे मोजले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "सुळे आलेत, दाढा कुठायत? हे पाच आठवड्यांचं असेल." त्याला धड चाटून खाताही येत नव्हतं. सहाव्या दिवशी पार्वो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-हगवणीचा जीवघेणा रोग, नवव्या दिवशी संपलं.

तर दात. कुत्र्याला दुधाचे दात 28 असतात: पुढचे बारीक दात वर सहा, खाली सहा, मग चार सुळे, आणि सुळ्यांच्या मागे प्रत्येक बाजूला वर तीन, खाली तीन दाढा. पुढचे दात आणि सुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतात, दाढा त्यानंतर. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या सुळ्यांमागे बोट फिरवलं की दाढा टोचायला हव्यात. नुसती मऊ हिरडी लागली तर पैसे खिशात ठेवा. अगदी लहान जातींत दात थोडे उशिरा येऊ शकतात हे खरं आहे, आणि विकणारा नेमकं हेच सांगेल. म्हणून दात एकटे बघायचे नाहीत. जन्मतारीख, लसीचं कार्ड आणि दात, तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

'पंचेचाळीस दिवसांचं झालं की न्या' असं सर्रास सांगतात. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीचे केंद्राचे 2017 चे नियम आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकू देत नाहीत. ब्रीडरची, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याची, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. प्रमाणपत्र मागायला लाजू नका. आणि नियम बाजूला ठेवला तरी, हे शेवटचे दोन-तीन आठवडे पिल्लू आईपाशी आणि भावंडांत असतं तेव्हाच किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो हे शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलांच्या हातांवर ते शिकतं.

जात कोणती, यावर घरात महिनाभर भांडण होईल, होऊ दे. एवढंच सांगते की पग घेणार असाल तर मे महिन्यातली आपली दुपार आठवा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हात धापा टाकून अंग थंड करणं धड जमत नाही. शित्झूलाही तोच त्रास, वर केसांचा भार. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे जे विकलं जातं ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं. ते वाईट अजिबात नाही, उलट उन्हाला बरं टिकतं, पण पॉमचा भाव देऊ नका. 'टीकप', म्हणजे कपात मावेल एवढं, अशी जात नाही. तो शब्द ऐकला की फोन ठेवा.

पिल्लू देणारा चांगला माणूस शोधायचा तो जनावरांच्या दवाखान्याच्या बाकावर. तीन-चार वर्षांचा धडधाकट कुत्रा घेऊन कुणी बसलेलं दिसलं की विचारा, कुठून आणला, आता गुडघे कसे आहेत. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते आणि ते पिल्लूपणी सहसा कळत नाही, म्हणून मोठ्या झालेल्या कुत्र्याचा मालकच खरं सांगतो. सोलापुरात कुणी सापडलं नाही तर पुण्यापर्यंत जावं लागेल, जा. फोनवर विकणाऱ्याला त्याच्याकडे किती जाती आहेत ते विचारा. सहा जातींची पिल्लं कायम 'तयार' असतील तर तो ब्रीडर नव्हे, दुकानदार. चांगला माणूस 'आत्ता नाहीत, मादी व्याली की कळवतो' म्हणतो, आणि तुम्हालाच उलटे प्रश्न विचारतो: दिवसभर घरी कोण असतं, गच्चीच्या कठड्याला फटी आहेत का, नाही जमलं तर परत माझ्याकडे आणाल ना. मागच्या वेळी असाच एक मला भेटला होता, तेव्हा त्याचा राग आला होता. म्हटलं, पैसे मी देणार आणि चौकशी हा करणार? म्हणून त्याला सोडून ढाब्यावाल्याकडे गेले. त्याने काही म्हणजे काहीच विचारलं नाही.

फोटोवर टोकन पाठवू नका. 'गाडीने पाठवतो, भाड्याचे आधी टाका' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

पिल्लू जिथे जन्मलं तिथेच जाऊन बघायचं. आई समोर हवी. ती गुरगुरली तरी चालेल, पण 'गावी ठेवलीय' चालणार नाही. वास घ्या, शेपटीखाली बघा, डोळ्यांत चिपडं आहेत का, पोट ढोलासारखं फुगलंय का ते बघा, म्हणजे जंत कळतील. सगळी भावंडं मागून घ्या, कोपऱ्यात एकटं पडून राहिलेलं दयेपोटी उचलू नका. मग ओठ वर करा. विकणारा म्हणेल, 'मॅडम, त्याला त्रास होतो.' होत नाही. दात बघा.

कार्डावर नुसता शिक्का आणि सही पुरत नाही. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर असतो. शेजारी तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. आता हिशेब करा: पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाचे 'दोन डोस झालेत' असं कार्ड सांगत असेल, तर कार्ड तरी खोटं किंवा वय तरी. माझ्या कार्डावर दोन होते. मी ते मोजलंही नाही, कार्डावर पंजाचं चित्र छान होतं. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद मिळाला तर घ्या, कातडीखालच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर त्याच्याशी ताडून बघा. पण तो कागद घराणं सांगतो, तब्येत नाही.

घरात आधी कधी पार्वो होऊन गेला असेल, तर थांबा. तो विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, फिनाईलने मरत नाही. फरशी पुसायला एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. अंगणातल्या मातीला मात्र उपाय नाही. मी वर्षभर थांबले.

आणताना पहाटे निघा. इवल्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारसा नसतो. पुण्याहून अडीचशे किलोमीटर उपाशी आणलं तर मान टाकतं. दर तीन तासांनी थोडं खायला, आणि लुळं पडलं तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, कुठेही थांबलात तरी जमिनीवर ठेवायचं नाही, लस पुरी झालेली नसते. दुचाकीवरून आणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

घरी आल्यावर आठवडाभर ब्रीडरकडचंच खाणं. गाईचं दूध नको, हगवण लागते. शेंगाचटणी नको, तिखट तर आहेच, लसूणही असतो आणि तो कुत्र्याला बाधतो. द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाही, मूत्रपिंडं जातात. आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी, म्हणून पाहुण्यांनाही बजावा. दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस तीन महिने पुरे झाले की. जंताचं औषध, गोचीड, नखं, सगळं डॉक्टर सांगतील, मला आता कंटाळा आला. नाव काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

हां, निघताना पर्समध्ये छोटी टॉर्च टाका. दाढा मागे असतात, नुसत्या उजेडात दिसत नाहीत.