पांडुरोगावर (म्हणजे रक्तक्षयावर) आयुर्वेदिक उपचार कसे सुरू करावेत?

जिना चढताना धाप लागते, पापणीची आतली बाजू फिकट दिसते, माती किंवा खडू खावासा वाटतो. अशी लक्षणे असतील तर औषधाच्या आधी रक्त तपासून घ्या. दर 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये 12, गरोदरपणात 11 आणि पुरुषांमध्ये 13 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. सोबत फेरिटिन (यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि बी-12 जीवनसत्त्व तपासाच. बी-12 कमी असेल तर कितीही लोहभस्म (लोखंडापासून केलेले आयुर्वेदिक औषध) घेतले तरी ती उणीव भरत नाही आणि दुर्लक्ष झाले तर नसांना इजा होते. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी निघाले, तर आतून कुठे रक्तस्राव होतोय का, हेही डॉक्टरांकडून पाहून घ्या.

नंतर अग्नीकडे, म्हणजे पचनशक्तीकडे वळायचे. माझ्या मते सगळ्यात जास्त घाई इथेच होते. भूक मंद असताना लोह दिले की मळमळ, बद्धकोष्ठ सुरू होते आणि माणूस औषधच सोडून देतो. म्हणून वैद्य आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक वाढवणारी आणि पचन सुधारणारी औषधे देतात, जंत असतील तर कृमिघ्न औषध देतात. नवायस लोह या पांडुरोगावरच्या औषधाची घडणच बघा: सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग, चित्रक. या नऊ द्रव्यांचा एकेक भाग आणि त्यांच्या बरोबरीने नऊ भाग लोहभस्म. लोहाइतकेच वजन पचनाला दिले आहे!

औषधाची निवड वैद्यांवर सोडा. अंगावर सूज असेल तर पुनर्नवा मंडूर, आम्लपित्त असेल तर धात्री लोह, असा विचार ते करतात. भस्मे स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. परस्पर बंद करू नका.

आहारात डाळी, पालेभाज्या, मनुका घ्या, जोडीला आवळा किंवा लिंबू. चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते नॉर्मल झाले तरी शरीरातला साठा भरायला साधारण तीन महिने लागतात, तोवर उपचार चालू राहू द्या.

गरोदर असाल, हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर थेट रुग्णालय गाठा. लोहाने शौचाला काळी होतेच. पण ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.