जुन्या पिकअपचं डेंटिंग-पेंटिंग घरच्या घरी

पिकअपवर प्रत्यक्ष रंग मारायला एखादा शनिवार-रविवार पुरतो. त्याआधीचं गंज कापणं, पत्रा बसवणं, पुट्टी भरून घासणं याला मात्र काही आठवडे लागतात, आणि चमक आल्यावर जे वाकडं दिसतं ते याच आठवड्यांत राहून गेलेलं असतं. म्हणून इथे रंग फवारायच्या गनपेक्षा घासण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

गंज कुठे शोधायचा

गाडी आधी डिटर्जंटने धुवा आणि मगच तपासा. रंगाखाली दिसणारा फुगवटा बहुतेक वेळा आतून सुरू झालेल्या गंजाचा असतो. पिकअपमध्ये तो ठरलेल्या जागी धरतो: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरठा, दारांच्या तळाची दुमड, चाकांवरच्या कमानी, हौद्याची पुढची भिंत आणि चटईखालचा पत्रा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने या जागा दाबून पाहा. पत्रा दबला किंवा कुरकुरला तर तो कापायचा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे त्याची पकड सैल पडते तिथे आधीच कुणीतरी जाड पुट्टी भरून ठेवली आहे. ती पूर्ण काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही.

शक्य असेल तर हौदा उतरवा. बऱ्याच पिकअपमध्ये तो चासीवर सहा किंवा आठ बोल्टवर बसलेला असतो. इंधन भरण्याची नळी, मागच्या दिव्यांची वायर आणि अर्थिंग सोडलं की चार माणसं तो उचलतात. केबिनची पाठ आणि हौद्याची पुढची भिंत यांच्या मधल्या फटीत ना ब्रश जातो ना गन, आणि गंज नेमका तिथेच असतो.

जुना रंग ठेवायचा की काढायचा, हे थिनरने ठरवा. कापसाचा बोळा लॅकर थिनरमध्ये भिजवून अडगळीच्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला किंवा सुरकुतला, तर त्यावर नवा टू-के रंग (हार्डनर मिसळून वापरायचा, दोन भागांचा रंग) मारणं धोक्याचं. खालचा थर थिनर पिऊन वर उचलला जातो. असा रंग पत्र्यापर्यंत काढा. काही होत नसेल आणि रंग पत्र्याला घट्ट धरून असेल, तर घासून त्यावरच पुढचं काम करता येतं. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा भुगा उडवू नका: पाण्याने घासा, मास्क लावा, आणि लहान मुलं वावरतात त्या जागेपासून काम लांब ठेवा.

कापणं आणि जोडणं

वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडा. टाकीच्या जवळ काम असेल तर टाकी गाडीवरून उतरवून दूर नेऊन ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. शेजारी अग्निशामक हवाच.

गंजाच्या कडेपासून दोन-तीन सें.मी. बाहेर, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा. बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मि.मी. जाडीचा असतो, तुकडाही तेवढ्याच जाडीचा घ्या. जाड तुकडा आणि पातळ पत्रा एकत्र जोडले तर पातळ आधी जळून भोक पडतं. तुकडा टोकाला टोक लावून बसवा, मध्ये जेमतेम अर्धा ते एक मि.मी. फट. एकावर एक चढवून जोडलं तर दोन पत्र्यांमध्ये पाणी धरतं आणि काही वर्षांत तीच रेघ परत फुगते.

मिग वेल्डरला ०.६ मि.मी. तार आणि ७५ टक्के आरगॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण पातळ पत्र्याला चांगलं. सलग वेल्ड ओढू नका. आधी चार बाजूंना टाके मारा, मग एक टाका इथे तर पुढचा समोरच्या बाजूला, असं फिरत-फिरत मधल्या जागा भरा. प्रत्येक टाका हात लावण्याइतका थंड झाला की मगच शेजारचा. घाई केली की उष्णतेने पत्रा ताणतो आणि दाबल्यावर टकटक आत-बाहेर उडू लागतो. ते सरळ करायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. नंतर ६० किंवा ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने वेल्ड सपाट करा, तेही थांबून-थांबून.

कस्टम करायचं असेल तर ते याच टप्प्यावर. नावाच्या पट्टीची आणि चिन्हांची भोकं मागे तांब्याचा तुकडा दाबून धरून भरा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि भोकाला तळ मिळतो. फाळक्याचं हँडल काढून तिथे सपाट पत्रा बसवला की मागची बाजू फार नेटकी दिसते, पण कडी उघडायला आतल्या बाजूने दांडी काढून ठेवा. दारांची हँडलं काढून विजेवर उघडणारी कडी लावणार असाल, तर बाहेरून ओढता येईल अशी लपवलेली केबल बसवाच. बॅटरी उतरली तर दार उघडायला दुसरा मार्ग राहत नाही.

डेंटसाठी मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) टेकवा आणि पुढून हातोडी मारा. उंचवटा दाबायचा असेल तर डॉली त्याच्या शेजारी आतून दाबून धरा, थेट त्याखाली नको. थेट डॉलीवर मारलेला प्रत्येक ठोका पत्रा पातळ करून पसरवतो. ठोकून पत्रा मूळ पातळीच्या दोन मि.मी.च्या आत आला की थांबा. उरलेलं काम पुट्टीचं.

पुट्टी आणि घासणं

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारा आणि पुट्टी त्यावर भरा. दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत लालसर होतो, म्हणून घासलेला पत्रा रात्रभर तसाच सोडू नका. इपॉक्सीच्या डब्यावर दिलेल्या मुदतीत पुट्टी भरली तर नुसतं पुसणं पुरतं. मुदत उलटली तर ८० ते १८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा. अॅसिडचा एच प्रायमर (पत्रा किंचित खाऊन पकड घेणारा) वापरला असेल तर त्यावर थेट पुट्टी भरू नका. अॅसिडमुळे पॉलिएस्टरची पुट्टी नीट घट्ट होत नाही आणि पुढे थर सुटतो.

पुट्टी कडक करणारा हार्डनर वजनाने २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. हा अंदाज डोळ्याने चुकतो, छोटा वजनकाटा ठेवा. जास्त पडला तर पुट्टी हातातच गोठते, बारीक छिद्रं राहतात आणि पुढे रंगातून डाग वर येतो. कमी पडला तर वरून कडक आणि आत मऊ राहते. काचेवर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर पातीने दाबून मिसळा, फेटू नका, नाहीतर हवा अडकते. पुठ्ठ्यावर मिसळू नका, तो पुट्टीतला द्रव शोषतो. २५ अंशांच्या आसपास हाताशी तीन ते पाच मिनिटं असतात, म्हणून एका वेळी मुठीएवढीच घ्या. पहिला थर पातळ आणि दाबून, मग त्यावर भरणीचा. घासून झाल्यावर कुठेही ३ मि.मी.पेक्षा जास्त जाडी राहू नये. जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा आहे.

घासायला किमान ४० सें.मी. लांबीचा कडक ठोकळा घ्या आणि ८० नंबरच्या पेपरने तिरक्या फुलीत चालवा: आधी एका कोनात, मग उलट कोनात. बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे नाले पडतात, आणि ते आत्ता दिसत नाहीत. रंगाची चमक आली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागी लचकतं. पुट्टी पाण्याने घासू नका, ती पाणी धरते आणि खाली गंज सुरू होतो.

घासताना पुट्टीच्या मध्ये पत्र्याचा ठिपका उघडा पडला, तर तिथे पत्रा उंच आहे. भोवती अजून पुट्टी चढवू नका. हातोडीच्या हलक्या ठोक्याने तो ठिपका खाली बसवा आणि पुन्हा भरा. तपासायला डोळ्यांपेक्षा तळहात चांगला: पत्रा आणि हात यांच्यामध्ये पातळ सुती कापड ठेवा, डोळे मिटा, आणि संपूर्ण तळहात दाराच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एका लयीत सरकवा. अर्ध्या मि.मी.चा चढ-उतारही जाणवतो.

८० नंतर १८०, मग टू-के सरफेसरचे (रंगाखालचा जाड, घासता येणारा प्रायमर) दोन-तीन हात, १.६ ते १.८ मि.मी. नोझलने. तो सुकला की काळ्या स्प्रेची विरळ धूळ सगळीकडे उडवा आणि ठोकळ्यावर ३२० लावून घासा. काळं जिथे उरतं तिथे खोलगट आहे. सगळं काळं जाईपर्यंत हे चालतं. कधी मध्येच पुन्हा पुट्टीकडे जावं लागतं, जा. शेवटी साध्या रंगासाठी ४००, मेटॅलिकसाठी ६०० नंबर. मेटॅलिकखाली ४०० चे ओरखडे दिसतात. सांध्यांवर सीलर हा टॉपकोटच्या (वरच्या रंगाच्या) आधी भरायचा असतो, विसरू नका.

रंग

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टू-के सरफेसर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते फुप्फुसाला चढलं तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि त्याला वास येत नसल्यामुळे साध्या कार्ट्रिज मास्कमधून आत शिरलं तरी कळत नाही. बाहेरची ताजी हवा नळीने देणारा मास्क, हातमोजे, डोळ्यांचं संरक्षण आणि पूर्ण अंगाचा सूट नसेल, तर यातलं काहीही घरी मारू नका. बाकीची तयारी घरी करून हे हात एखाद्या रंगाच्या बूथमध्ये मारून घ्या. गॅरेजमध्ये पायलट ज्योत, गॅस, ठिणगी उडवणारा पंखा काहीही चालू नको.

कॉम्प्रेसरची टाकी निदान १००-१५० लिटरची हवी. पाणी धरणारा फिल्टर त्याला चिकटून बसवू नका. गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात पुढे निघून जातं. पाइप काही मीटर फिरवून हवा थंड झाली की मग फिल्टर. जमीन ओली करा, गाडी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसा: एकाने लावा, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचला. मग टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ उचलणारं चिकट फडकं.

एका केबिनच्या लहान पिकअपच्या बाहेरच्या बाजूला, थिनर मिसळून तयार झालेला बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) चार ते पाच लिटर आणि क्लिअर सुमारे तीन लिटर धरा. दारांच्या आतल्या कडा आणि हौदा वेगळे. रंगाचे सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करा, दोन डब्यांत छटेचा फरक असतो.

१.३ किंवा १.४ मि.मी. नोझल, ट्रिगर दाबलेला असताना गनपाशी सुमारे २ बार, पत्र्यापासून १५ ते २० सें.मी. अंतर. आधी पुठ्ठ्यावर फवारा जुळवा. मनगट वळवू नका, गन पत्र्याला काटकोनात ठेवून सगळं अंग सरकवा, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर निम्मी चढवा. बेसचे दोन-तीन हात, मध्ये थर मॅट होईपर्यंत १० ते १५ मिनिटं. मेटॅलिकला शेवटी थोडं लांबून हलका हात फिरवला की काळे-पांढरे पट्टे मोडतात. मग क्लिअरचे दोन ओले हात, घासून पॉलिश करायचं असेल तर तीन.

बिघाड झालाच तर कारण ओळखा. गोल खळगे म्हणजे सिलिकॉन किंवा तेल: थांबा, सुकू द्या, घासून पुसून पुन्हा मारा. ओघळ म्हणजे गन जवळ आली किंवा हात रेंगाळला. ओला असताना पुसू नका, दोन दिवसांनी ठोकळ्याने कापा. संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे रंग घट्ट, दाब कमी किंवा गन लांब. सुईने टोचल्यासारखी भोकं म्हणजे आधीचा हात सुकायच्या आत दुसरा चढवला, आत अडकलेलं थिनर फुटून बाहेर आलं.

क्लिअर २४ तासांनी, किंवा डब्यावर लिहिलं असेल तेव्हा, १५००, २००० आणि ३००० नंबरने पाण्यात घासा आणि कंपाउंड करा. कडा आणि घडी यांवर क्लिअर सर्वांत पातळ असतो, तिथे टेप लावून ठेवा आणि शेवटी हाताने हलकं पॉलिश करा. मेणाचं पॉलिश महिनाभर तरी लावू नका, थिनर पूर्ण निघून जायला तेवढा वेळ लागतो.

जोडणी करण्याआधी दारं, उंबरठा आणि केबिनचे कोपरे यांच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारं मेण) फवारा. दारांच्या आणि उंबरठ्याच्या तळाची पाणी निघण्याची भोकं प्रायमर, सीलर किंवा वॅक्सने बुजलेली असतात. तारेने एकेक मोकळं करा आणि वरून मगभर पाणी ओतून ते खाली गळतं का ते पाहा.